अणूवर लेसरचा मारा, प्रयोगशाळा मात्र संगणकात

भौतिकशास्त्राचे २०२३ चे नोबेल पारितोषिक पिएर अगोस्तिनी, फेरेंक क्राउस आणि अ‍ॅन लुइलिए या तिघांना मिळाले. अणूमधील इलेक्ट्रॉनांच्या हालचाली टिपता येतील इतके अल्पकाळ टिकणारे प्रकाशाचे स्पंद निर्माण करण्याची किमया त्यांनी साधली होती. पारितोषिकाच्या निमित्ताने लेसर, आरसे आणि निर्वात नळ्यांविषयी बरेच लिहिले गेले. या संशोधनातील एक निर्णायक नियम मात्र प्रथम संगणकाच्या आकडेमोडीत दिसला होता आणि त्याचे सोपे स्पष्टीकरण नंतर मिळाले, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली.

तीव्र लेसर क्षेत्रात सापडलेल्या अणूचे काय होते, हे संगणकावर घडवून पाहण्याच्या या पद्धतीला ‘सिम्युलेशन’ किंवा संगणकीय प्रतिरूपण म्हणतात. प्रयोग आणि सिद्धान्त यांच्या जोडीला विज्ञानाने उभे केलेले हे तिसरे साधन आहे. मुंबई आणि पुण्यातील संस्थांचाही या क्षेत्राशी जवळचा संबंध आहे. हे साधन नेमके चालते कसे आणि त्याच्यावर विश्वास कितपत ठेवायचा, हे समजून घेणे त्यामुळे उपयुक्त ठरेल.

‘तीव्र’ म्हणजे किती?

पहिला लेसर थिओडोर मैमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत तयार केला. त्यानंतर लेसरची तीव्रता वाढत गेली. मात्र एका मर्यादेनंतर लेसरचा झोत ज्या स्फटिकातून वाढवला जातो तो स्फटिकच जळू लागे. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये यावर तोड काढली. प्रकाशाचा स्पंद आधी काळात ताणून पातळ करायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आकुंचित करायचा, अशी ही युक्ती. तिला २०१८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

या युक्तीने काय साधते, ते एका साध्या हिशेबावरून लक्षात येईल. एक ग्रॅम वजनाची वस्तू दहा सेंटिमीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, ती सुमारे एक मिलिज्युल. एवढीच ऊर्जा ३० फेम्टोसेकंदांत बाहेर टाकली, तर त्या क्षणापुरती शक्ती ३३ अब्ज वॅट होते. ती साधारणपणे संपूर्ण महाराष्ट्राच्या कमाल वीजमागणीच्या तोडीची आहे. फरक इतकाच, की ती टिकते सेकंदाच्या ३०० अब्जाव्या भागाहूनही कमी, कारण एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दहा लाख अब्ज भागांपैकी एक भाग.

हा झोत भिंगाने किंवा आरशाने केसाच्या जाडीइतक्या ठिपक्यावर एकवटला, की दर चौरस सेंटिमीटरला १०० लाख कोटी वॅट ही तीव्रता सहज गाठता येते. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ०.१ वॅट असते. म्हणजे हा प्रकाश उन्हाच्या दहा लाख अब्ज पट प्रखर झाला.

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असल्याने इतक्या प्रखर प्रकाशात विद्युतक्षेत्रही प्रचंड असते. हायड्रोजनच्या अणूत केंद्रक आपल्या इलेक्ट्रॉनला ज्या क्षेत्राने धरून ठेवते, ते दर सेंटिमीटरला सुमारे पाच अब्ज व्होल्ट इतके असते. वर सांगितलेल्या तीव्रतेच्या लेसरचे क्षेत्र त्याच्या सुमारे पाच टक्के भरते. हा आकडा किरकोळ वाटला तरी केंद्रकाची पकड ढिली करण्यास तो पुरेसा आहे.

घाट चढायचा की बोगद्यातून जायचे?

नेहमीच्या प्रकाशात इलेक्ट्रॉन अणूतून सुटतो तो प्रकाशकण गिळून. हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनला सुटण्यासाठी १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, तर प्रयोगशाळेतील नेहमीच्या अवरक्त लेसरच्या एका कणात ती असते जेमतेम १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. सुटकेसाठी एकाच वेळी किमान नऊ कण गिळावे लागतील. मंद प्रकाशात हे जवळजवळ अशक्य. तीव्र लेसरमध्ये मात्र तसे घडते.

तीव्रता आणखी वाढली, की चित्रच बदलते. केंद्रकाच्या आकर्षणाची भिंत सह्याद्रीच्या घाटासारखी आहे, असे समजू. लेसरचे क्षेत्र ही भिंत एका बाजूने वाकवते आणि पातळ करते. पुंजयांत्रिकीच्या नियमांनुसार इलेक्ट्रॉन घाटमाथा न चढताही पातळ झालेल्या डोंगरातून पलीकडे निघू शकतो, जणू डोंगरात बोगदाच असावा. रशियन शास्त्रज्ञ लिओनिद केल्डिश यांनी १९६४ मध्ये कणांचे गिळणे आणि हा बोगदा या दोन्ही गोष्टी एकाच सूत्रात मांडल्या.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. लेसरचे क्षेत्र दर १.३ फेम्टोसेकंदांनी आपली दिशा उलटी करते. बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन आधी अणूपासून दूर ढकलला जातो, दिशा पालटताच माघारी ओढला जातो आणि काही वेळा थेट आपल्याच अणूवर येऊन आदळतो. या धावपळीत मिळवलेली सर्व ऊर्जा तो आदळताना प्रकाशाच्या रूपाने एकदम सोडून देतो.

तंबोऱ्याचा गंधार आणि लेसरचे स्वर

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली, की जाणकाराला तिच्यातून गंधार ऐकू येतो. त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तो त्या तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनसंख्येचा स्वर असतो. तीव्र लेसरच्या माऱ्यात अणूतूनही असेच पटीतील स्वर बाहेर पडतात. तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींच्या कंपनसंख्येचा हा प्रकाश असतो.

तंबोऱ्यात वरवरचे स्वर उत्तरोत्तर क्षीण होत जातात. अणूच्या बाबतीतही तसेच होईल, अशी अपेक्षा होती. फ्रान्समधील साक्ले येथे अ‍ॅन लुइलिए आणि सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत वेगळेच दिसले. सुरुवातीचे काही स्वर क्षीण होत गेले. पण पुढे एक सपाट पठार लागले, जिथे एकामागून एक स्वर जवळजवळ सारख्याच ताकदीने येत होते. आर्गॉन वायूत तर तेहेतिसाव्या पटीपर्यंतचा प्रकाश मिळाल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर हे पठार कड्यासारखे तुटत होते. हा कडा नेमका कोठे येतो आणि का येतो, याचे उत्तर त्या वेळच्या सिद्धान्ताकडे नव्हते.

नियम आधी, कारण नंतर

याच काळात अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत केनेथ कुलँडर वेगळ्या वाटेने निघाले होते. अणू आणि लेसर दोन्ही संगणकात उभे करायचे आणि श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये मांडलेले समीकरण पावलापावलाने सोडवत जायचे, अशी ही वाट.

जेफ्री क्राउस, केनेथ शेफर आणि कुलँडर यांनी या आकडेमोडींतून १९९२ मध्ये एक सुटसुटीत नियम शोधून काढला. इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा घ्यायची आणि लेसरमध्ये हेलकावे खाणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या सरासरी ऊर्जेची सुमारे तिप्पट तीत मिळवायची. बेरीज येईल तेथे पठाराचा कडा. नियम हाती आला. पण ‘तिप्पट’च का, हे कोडेच होते.

त्याची उकल १९९३ मध्ये झाली. कॅनडातील पॉल कॉर्कम यांनी, तसेच कुलँडर आणि सहकाऱ्यांनीही, ‘सुटणे, धावणे आणि परत आदळणे’ हे तीन पायऱ्यांचे चित्र मांडले. परतणारा इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त किती ऊर्जा मिळवू शकतो, हे न्यूटनच्या साध्या नियमांनी काढले तर उत्तर येते ३.१७ पट. संगणकाने दाखवलेली ‘सुमारे तिप्पट’ ती हीच. वर सांगितलेल्या तीव्रतेला आर्गॉनसाठी हा हिशेब सुमारे ३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरतो, म्हणजे लेसरच्या मूळ कणाच्या २२ पटींहून थोडा अधिक.

पुढे हेच स्वर एकमेकांत नीट जुळवून अ‍ॅटोसेकंदांचे स्पंद तयार झाले. अ‍ॅटोसेकंद म्हणजे फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग. अगोस्तिनी यांच्या गटाने २००१ मध्ये २५० अ‍ॅटोसेकंदांच्या स्पंदांची माळ मोजली, तर क्राउस यांच्या गटाने त्याच वर्षी ६५० अ‍ॅटोसेकंदांचा एकटा स्पंद वेगळा काढला. नोबेल पारितोषिकाची पायाभरणी ती हीच.

संगणकात अणू कसा ठेवतात?

संगणकाला सलग अवकाश समजत नाही. म्हणून अणूभोवतीच्या जागेवर बारीक चौकटींचे जाळे टाकले जाते. इलेक्ट्रॉन हा बिंदू नसून पसरलेली लहर असल्याने, प्रत्येक चौकटीत त्या लहरीचे मूल्य एका संख्येने नोंदवतात. मग काळाचे एक लहानसे पाऊल टाकायचे, त्या क्षणीचे लेसरचे क्षेत्र विचारात घ्यायचे आणि सर्व चौकटींतील संख्या नव्याने काढायच्या. एक पाऊल साधारण एका अ‍ॅटोसेकंदाचे असते. ३० फेम्टोसेकंदांच्या स्पंदासाठी अशी २५ ते ३० हजार पावले टाकावी लागतात.

जाळे किती मोठे असावे, हाही प्रश्न असतो. वरील तीव्रतेला इलेक्ट्रॉन हायड्रोजन अणूच्या त्रिज्येच्या सुमारे १६ पट अंतरापर्यंत हेलकावतो, परतताना त्याहून मोठी फेरी मारतो आणि काही इलेक्ट्रॉन तर कायमचे निघून जातात. विहिरीत दगड टाकल्यावर लहरी कठड्यावर आपटून जशा परततात, तसे जाळ्याच्या काठावर होऊ दिले तर खोटे परावर्तन खऱ्या उत्तरात मिसळते. त्यामुळे काठावर लहरी शोषून घेणारा पट्टा ठेवावा लागतो.

उत्तर बरोबर आहे हे ठरवण्याचेही शिस्तशीर मार्ग आहेत. काळाचे पाऊल निम्मे करून आणि जाळे दुप्पट करून आकडेमोड पुन्हा करायची. लेसरचे क्षेत्र समीकरणात दोन वेगवेगळ्या गणिती पद्धतींनी मांडता येते. दोन्हींची उत्तरे जुळतात का, हेही पाहायचे. या कसोट्यांवर न उतरलेला सुबक आलेख केवळ चित्र असतो, पुरावा नव्हे.

एकावर १०८ शून्ये

एका इलेक्ट्रॉनपर्यंत सारे ठीक चालते. प्रत्येक दिशेला १०० चौकटी धरल्या, तर तीन दिशांचे मिळून १० लाख आकडे होतात. साधा संगणक ते सहज पेलतो. हेलियममध्ये दोन इलेक्ट्रॉन असतात आणि दोघांची लहर एकत्रच मोजावी लागते. आकडे होतात एक लाख कोटी. प्रत्येकाला १६ बाइट धरले, तर नुसते साठवायलाच १६ टेराबाइट जागा हवी. तीन इलेक्ट्रॉन झाले की एक कोटी ६० लाख टेराबाइट! आणि १८ इलेक्ट्रॉनांच्या आर्गॉनसाठी लागणारे आकडे म्हणजे एकावर १०८ शून्ये. दृश्य विश्वातील अणूंची अंदाजित संख्या एकावर ८० शून्ये इतकी धरली जाते. म्हणजे विश्वातील प्रत्येक अणूवर एक आकडा लिहिला तरी हिशेब पुरा होणार नाही. वॉल्टर कोन यांनी या अडचणीला ‘घातांकी भिंत’ असे नाव दिले होते.

या भिंतीला वळसा घालण्याचे काही मार्ग आहेत. पहिला मार्ग कुलँडर यांचा. बाहेरचा एकच इलेक्ट्रॉन हलतो आणि बाकीचे स्वस्थ बसतात, असे गृहीत धरायचे. दुसरा मार्ग खुद्द कोन यांच्या १९६४ च्या कामातून निघाला. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा माग न काढता सर्वांची मिळून घनता कोठे किती आहे, एवढेच मोजायचे. या कामासाठी कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एरिख रुंगे आणि एबरहार्ड ग्रोस यांनी १९८४ मध्ये ही पद्धत काळानुसार बदलणाऱ्या घटनांना लागू केली.

हेलियमचे पूर्ण गणित मात्र वळसा न घालता सोडवण्याचा चंग आयर्लंड बेटावरील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील केन टेलर यांच्या गटाने १९९० च्या दशकात बांधला. लहरींच्या गोलाकार रचनेचा फायदा घेऊन त्यांनी आकड्यांची संख्या आटोक्यात आणली. तरीही त्यासाठी महासंगणक वापरावे लागले.

जेथे सोपे गृहीतक तोंडघशी पडले

वळसा घालण्याची किंमत कधी कधी मोजावी लागते. १९९४ मध्ये हेलियमवर झालेला एक प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. एक इलेक्ट्रॉन सुटण्याचे प्रमाण ‘एकच इलेक्ट्रॉन हलतो’ या आकडेमोडीशी उत्तम जुळले. दोन्ही इलेक्ट्रॉन सुटण्याचे प्रमाण मात्र, दोघे एकापाठोपाठ स्वतंत्रपणे सुटतात असे धरून काढलेल्या अंदाजापेक्षा हजारो पटींनी जास्त निघाले.

कारण पुन्हा तीन पायऱ्यांच्या चित्रातच दडले होते. माघारी आलेला पहिला इलेक्ट्रॉन दर वेळी केवळ प्रकाश सोडून शांत होत नाही. काही वेळा तो दुसऱ्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन बाहेर काढतो. दुसऱ्याला स्वस्थ बसवणाऱ्या गृहीतकात हे घडणेच शक्य नव्हते. संगणकाने आकडेमोडीत चूक केली नव्हती. त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता. प्रतिरूपणावर भिस्त ठेवणाऱ्या हवामान किंवा अर्थकारणासारख्या इतर क्षेत्रांनाही हा धडा तितकाच लागू पडतो.

कुलाबा, पवई आणि पुणे

महाराष्ट्रात या विषयाचे मोठे केंद्र आहे ते मुंबईत कुलाब्याला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथुर यांनी तीव्र लेसर क्षेत्रातील अणू-रेणूंचा दीर्घकाळ अभ्यास केला. जी. रवींद्र कुमार यांना तीव्र लेसर आणि पदार्थ यांच्या परस्परक्रियेवरील कामासाठी २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. याच संस्थेत एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन अणूंच्या सूक्ष्म गुच्छांवर लेसरचा मारा करून दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे उदासीन अणू मिळवले. हे काम ‘नेचर फिजिक्स’मध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्युतक्षेत्र केवळ भारित कणांना वेग देते. मग भार नसलेले अणू इतके वेगवान कसे झाले? आधी भारित होऊन वेग घेतलेल्या कणांना वाटेतील उत्तेजित गुच्छांकडून इलेक्ट्रॉन परत मिळतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. हजारो अणूंच्या अशा गुच्छांचे प्रतिरूपण करताना श्रोडिंगरचे समीकरण झेपत नाही. तेथे कणांना न्यूटनच्या नियमांनी चालवणाऱ्या पद्धती वापरतात.

पवईच्या आयआयटी मुंबईत गोपाल दीक्षित यांचा गट या क्षेत्रातील सैद्धान्तिक आणि संगणकीय काम करतो. एम. एस. म्रुदुल, आल्वारो हिमेनेझ-गालान, मिशा इव्हानोव आणि दीक्षित यांनी २०२१ मध्ये ‘ऑप्टिका’ या नियतकालिकात एक गणिती भाकीत मांडले. दोन रंगांच्या, एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या प्रकाशलहरी एकत्र केल्या, की त्यांचे क्षेत्र तीन पाकळ्यांची आकृती काढते. या आकृतीने ग्राफीनमधील इलेक्ट्रॉनांना हव्या त्या गटात वळवता येईल, असे ते भाकीत होते. संगणकाच्या शून्य-एकाला पर्यायी खूण म्हणून या गटांकडे पाहिले जाते. ग्राफीनशी साम्य असलेल्या बोरॉन नायट्राइडमध्ये, तसेच मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये तीन पाकळ्यांच्या प्रकाशाने असे नियंत्रण साधल्याचे प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

या आकडेमोडींना लागणाऱ्या यंत्रांचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ साकारला. भटकर हे मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरांबा गावचे. पुण्यातच उभारलेला टाटा समूहाचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथ्या क्रमांकावर होता. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेला ‘परम ब्रह्म’ मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ यंत्रांचे लोकार्पण झाले. त्यांपैकी दिल्लीचे यंत्र पदार्थविज्ञान आणि अणुभौतिकी यांसाठी आहे.

बीबीतही शक्य

महासंगणकांची ही नावे ऐकून हा विषय केवळ महानगरांतील संस्थांपुरता आहे, असा समज होऊ शकतो. तो खरा नाही. शंभर टेरावॉटचा लेसर उभारण्यासाठी मोठा निधी, धूळमुक्त दालने आणि कुशल मनुष्यबळ लागते. एका इलेक्ट्रॉनच्या आकडेमोडीला मात्र यांपैकी काहीच लागत नाही. आजच्या साध्या लॅपटॉपची गती ‘परम ८०००’ पेक्षा अधिक आहे. इलेक्ट्रॉनला एकाच रेषेवर हलू देणारे सुटसुटीत प्रतिरूप अशा लॅपटॉपवर काही मिनिटांत चालते आणि त्यातही पठार व कडा दोन्ही दिसतात. घनतेवर आधारलेल्या पद्धतीसाठी ‘ऑक्टोपस’सारखी आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे.

म्हणजेच बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात राहणारा भौतिकशास्त्राचा पदवीधर, हाती संगणक आणि गणिताची तयारी असेल तर, १९९२ मध्ये लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत सापडलेला नियम स्वतः पडताळून पाहू शकतो. बीबीपासून जवळच असलेले लोणारचे विवर तयार होताना कोणी पाहिले नाही. तरीही खडक आणि काचेच्या कणांवरून तेथे अशनी आदळल्याचे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. अणूतील इलेक्ट्रॉनची परतफेरीही डोळ्यांना दिसणारी नाही. उरलेल्या खुणांवरून घटना उभी करायची आणि ती खुणांशी जुळते का हे कठोरपणे तपासायचे, ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

अडचण आता यंत्रांची कमी आणि मार्गदर्शनाची अधिक आहे. समीकरण कसे मांडायचे, काठावरचे खोटे परावर्तन कसे ओळखायचे, उत्तरावर कधी विश्वास ठेवायचा नाही, या गोष्टी शिकवणारा शिक्षक लहान गावातील महाविद्यालयात मिळणे आजही कठीण आहे. लेसर प्रत्येक जिल्ह्यात बसवता येणार नाही. पण ही शिस्त प्रत्येक जिल्ह्यात शिकवता येण्याजोगी आहे.